लिहिती बोली आणि दोन पिढ्या

प्रस्तुत संग्रहात आजच्या तरुण मराठी मंडळींनी मोबाइलच्या पडद्यावर एकमेकांशी बोलताना रूढ केलेले शब्द, संक्षेप आणि संकेत अर्थासह व वापराच्या नमुन्यांसह एकत्र केलेले आहेत. संपादक तरुण आहेत; आपल्या बरोबरीच्यांना या शब्दांचे अर्थ सांगण्याचे त्यांना कारण नव्हते, म्हणून आईवडील, मामा-मावश्या, आजी-आजोबा आणि शिक्षक यांना समोर ठेवून त्यांनी हे काम केले, आणि त्याच हेतूने प्रस्तावनेसाठी वडील पिढीतील माणूस निवडला. हे काम मी आनंदाने पत्करले. कारण गेली काही वर्षे मराठी घरांतून, नियतकालिकांतून आणि व्याख्यानमालांतून या भाषेविषयी जी फिर्याद सतत कानांवर येते, ती जितक्या मोठ्या आवाजात मांडली जाते तितक्या काळजीने तपासली जात नाही, असे माझे मत आहे. फिर्याद अशी की, मुलांनी भाषेची नासाडी चालवली आहे, त्यांना धड मराठी येत नाही आणि धड इंग्रजीही येत नाही, आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना कसला मुलाहिजा म्हणून त्यांना उरलेला नाही. प्रतिपक्षाची कैफियत अशी की, वडीलधाऱ्यांना काही कळत नाही, आणि जे कळत नाही त्यावरच ते रागावतात. दोन्ही बाजूंचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले म्हणजे ध्यानात येते की, भांडण शब्दांवरून पेटत असले तरी त्याचे मूळ अन्यत्र आहे. लिहिणे म्हणजे काय, याविषयीच्या दोन वेगळ्या वहिवाटी इतिहासात प्रथमच एका पडद्यावर समोरासमोर आल्या, आणि त्यांची ओळख करून देणारे मध्ये कोणी नव्हते.

एरवी, तरुणांची अथवा एखाद्या मंडळाची स्वतंत्र बोली असणे ही काही आजची गोष्ट नाही. मुलांच्या खेळात चकाराची भाषा होती. पेठेतल्या व्यापाऱ्यांपाशी गिऱ्हाइकाच्या देखत भाव ठरवण्यासाठी नंदभाषेतले आकडे होते. करपल्लवी होती, नेत्रपल्लवी होती. आणि महानुभाव पंथाने तर आपले ग्रंथ परक्यांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या निर्माण करून त्या शतकानुशतके जतन केल्या. वसतिगृहांत, गिरणगावातल्या चाळींत आणि महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर प्रत्येक पिढीने आपली बोली घडवली, ती मनसोक्त वापरली आणि संसाराला लागल्यावर सोडूनही दिली. परंतु ही सारी बोली तोंडची होती. कट्ट्यावरचा शब्द कट्ट्यावरच विरून जाई. घराचा उंबरठा ओलांडताना मुलगा तो बाहेर ठेवी, आणि वडिलांना पत्र लिहिण्यास बसला म्हणजे त्याच्या लेखणीतून 'तीर्थरूप' हाच शब्द उतरे. लिहिलेले म्हणजे विचारपूर्वक मांडलेले, पुन्हा वाचून पाहिलेले आणि सही करून पाठवलेले, हा समज इतका दृढ होता की तो समज आहे हेही कोणाच्या मनात येत नसे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ही सरहद्द पुसली गेली. कट्ट्यावरचे बोलणे जसेच्या तसे लिहिले जाऊ लागले, आणि तेही अशा ठिकाणी की जेथे आत्या, काका आणि शाळेतले मास्तर ते वाचू शकतात.

वडील पिढीचा सर्वांत मोठा रोष संक्षेपांवर आहे. मुले स्वर गाळतात, शब्द अर्ध्यावर तोडतात, 'काय करतोस' एवढे विचारायचे ते चारसहा रोमन व्यंजनांत उरकतात, ही तक्रार वस्तुस्थितीला धरून आहे. मात्र ती करणाऱ्याने आपल्याच घरातला जुन्या पत्रांचा गठ्ठा एकदा सोडून पाहावा. 'ती. दादांस शि. सा. न. वि. वि.' या आरंभापासून 'क. लो. अ.' या समारोपापर्यंत, आणि त्याखालच्या 'ता. क.'पर्यंत, सारा मायना संक्षेपांनीच विणलेला असतो, 'चि.', 'सौ.', 'कै.', 'गं. भा.', 'रा. रा.', 'मु. पो.' ही अक्षरे परमुलखातल्या माणसापुढे ठेवली तर त्याला ती आजच्या पोरांच्या अक्षरांहून अधिक गूढ वाटतील. त्याहून मागे पेशवे दफ्तरात जावे, तर मोडी लिहिणाऱ्या कारकुनांनी तारखेपूर्वीचा 'छ' आणि नावापूर्वीचा 'रा॥' असे संक्षेप पानोपानी वापरलेले दिसतात, कारण दिवसाकाठी शेकडो ओळी लिहिणाऱ्या हाताला आखूड वाट शोधावीच लागते. खुद्द इंग्रजीत, ज्या 'ओएमजी'ने आजचे पालक त्रासतात, तो संक्षेप १९१७ साली ब्रिटिश आरमाराचे वृद्ध सेनानी लॉर्ड फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात आढळतो.

तेव्हा संक्षेप हा गुन्हा नव्हे. आणि तरीही वडिलांना जे लागते ते खोटे नाही, असे मला मनापासून वाटते. जुन्या संक्षेपात शब्द आखडला तरी मान आखडत नसे, 'शि. सा. न.' ही तीन अक्षरे उमटली की नमस्कार पोहोचला असे दोघेही समजत. नव्या लेखनात मायनाच नाही. मुलगा एकदम मध्येच सुरू होतो आणि मध्येच थांबतो. ना कोणाला उद्देशून, ना कोणाकडून. यावर तरुणांचे उत्तर ऐकण्याजोगे आहे. ते म्हणतात, पत्र सुरू होई आणि संपे, आमचे बोलणे संपतच नाही. सकाळी अर्धे राहिलेले दुपारी पुढे चालू होते, मग जो माणूस दिवसभर समोर बसलेला आहे त्याला प्रत्येक वाक्यागणिक नमस्कार कसा घालावा? हे उत्तर प्रामाणिक आहे, आणि वडील पिढीच्या ज्या लोकांनी आयुष्यात फक्त पत्रेच लिहिली त्यांना ते सुचणे कठीण होते.

शब्दांना मोल पडत असे, ही गोष्टही विसरून चालणार नाही. तारेत प्रत्येक शब्दाचा आकार द्यावा लागे, म्हणून माणसे घरून मजकूर काटून-छाटून नेत. शुभेच्छांच्या तारांसाठी तर खात्याने ठरावीक वाक्यांना क्रमांक दिलेले होते, आणि पाठवणाऱ्याने केवळ क्रमांक लिहावा, पोहोचवणाऱ्याने त्याचे वाक्य करावे, अशी व्यवस्था होती. ही सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. त्यानंतर तीन वर्षांनी, २०१६ च्या सप्टेंबरात, जिओ बाजारात आले आणि इंटरनेट एकाएकी इतके स्वस्त झाले की ज्यांनी ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहिली होती, त्यांच्या हातात संदेशांचा अमर्याद साठा आला. त्यांनी काय केले? त्यांनी फुले पाठवली. गुलाब, उगवता सूर्य, चहाचा कप आणि त्याखाली सुविचार; रोज, न चुकता, सर्वांना. २०१८ च्या जानेवारीत एका अमेरिकी दैनिकाने असे वृत्त दिले की, भारतातील स्मार्टफोन वरचेवर भरून का जातात याचा शोध घेताना गूगलच्या तंत्रज्ञांना सुप्रभातच्या या चित्रांचा डोंगर आढळला. या फुलांना तरुण मंडळी हसतात. हे हसणे मला अन्यायाचे वाटते. ज्या माणसाला पन्नास वर्षे प्रत्येक निरोपाचा पैसा मोजावा लागला, त्याला एक दिवस फुकट निरोप धाडण्याची मुभा मिळते आणि तो पहिला निरोप 'मी तुमची आठवण काढली' असा धाडतो, यात हसण्यासारखे काय आहे?

आता एक नमुना अगदी जवळून पाहू. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्याने लिहिले: "रविवारी सत्यनारायण आहे. अकरापर्यंत सर्वांनी यावे. जेवायला किती जण ते कळवावे." भाच्याने उत्तर दिले: "डन, ४". आत्याने त्यावर लिहिले: "ठीक आहे." भाच्याने लगेच आईला फोन करून विचारले, "आत्या चिडली का गं?" आणि इकडे आत्या यजमानांना म्हणत होती, "'हो आत्या' एवढंसुद्धा पोराच्या हातून लिहवत नाही." भाच्याच्या 'डन'मध्ये उत्साह होता, आत्याच्या 'ठीक आहे'मध्ये राग नव्हता, तरी दोघांच्याही मनाला काटा लागला. आत्याच्या बाबतीत तो न लिहिलेल्या हाकेचा होता, आणि भाच्याच्या बाबतीत लिहिलेल्या पूर्णविरामाचा.

पूर्णविरामाचे हे प्रकरण अनेक ज्येष्ठांना खोटे वाटेल, म्हणून त्यावर थोडे थांबतो. पडद्यावर प्रत्येक निरोप आपल्या चौकटीत वेगळा पडतो. चौकट संपली की वाक्य संपलेच, मग टिंबाची गरज उरत नाही. जे गरजेचे नाही ते कोणी मुद्दाम केले तर पाहणारा त्याला अर्थ चिकटवतो. म्हणून तरुणांच्या डोळ्यांना ते टिंब दार आपटल्यासारखे ऐकू येते. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठात सीलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, विद्यार्थ्यांना पूर्णविरामाने संपणारी एकशब्दी उत्तरे तशी न संपणाऱ्या उत्तरांपेक्षा कमी प्रांजळ वाटली. आणि तीच उत्तरे हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर दाखवली तेव्हा असा भेद आढळला नाही. तीच आत्या, तोच पूर्णविराम; कागदावर असता तर भाच्याला काही वाटले नसते. ज्येष्ठांची दुसरी सवय तीन टिंबांची. 'बरं... ये मग... वाट बघते...' असे आत्या लिहिते तेव्हा ती दोन विचारांमध्ये श्वास घेत असते, जसा ती पोस्टकार्डावर घेत असे. भाच्याला मात्र वाटते की या टिंबांच्या आड काहीतरी गिळून टाकलेले आहे.

आणि हा पूर्णविराम तरी मराठीत कधीचा? आपल्या हस्तलिखितांत दंड होते, मोडीत तर शब्दसुद्धा एकमेकांपासून तोडलेले नसत. आज ज्यांना आपण विरामचिन्हे म्हणतो त्यांची घडी मराठीत बसवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते, आणि त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० मधली आहे. भाषेतली चिन्हे येतात, रुजतात आणि काम बदलतात. ज्या टिंबाने पावणेदोनशे वर्षे केवळ वाक्य थांबवले, त्याला मुलांनी मनःस्थिती दाखवण्याचे दुसरे काम लावले, एवढेच घडले आहे. आणि निरीक्षण म्हणून पाहिले तर हे काम विलक्षण सूक्ष्म आहे. मुलांना भाषेची जाण उरली नाही असे म्हणणाऱ्यांनी एका टिंबाच्या असण्यानसण्यातून आत्याचा राग ओळखू पाहणाऱ्या या मुलाचा विचार करावा.

चेहऱ्यांच्या चित्रांबाबत तर दोन पिढ्यांनी चक्क अदलाबदल केली आहे. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला जो पिवळा चेहरा २०१५ साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी वर्षाचा शब्द म्हणून निवडला, तो अनेक ज्येष्ठांना अश्रू दिसल्यामुळे रडका वाटतो. आणि ग्रुपवर कोणी गेल्याची वार्ता आली की त्याखाली एखादे काका शोकाने हाच हसरा चेहरा उमटवतात. उलट तरुणांना हा चेहरा आता जुनाट वाटतो. त्यांना फार हसू आले की ते ओक्साबोक्शी रडणारा चेहरा पाठवतात, नाहीतर कवटी. काकांचे रडणे हसरे आणि पुतण्याचे हसणे रडके, अशी ही स्थिती आहे. अशा घोटाळ्यांचा निवाडा आता न्यायालयांनाही करावा लागतो. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात एका शेतकऱ्याला धान्य-व्यापाऱ्याने जवसाच्या खरेदीचा करार मोबाइलवर पाठवला, शेतकऱ्याने त्यावर उभ्या अंगठ्याचे चित्र धाडले, आणि माल मात्र दिला नाही. करार मिळाला, एवढेच मी कळवले, असे त्याचे म्हणणे होते. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी तो अंगठा म्हणजे सहीच ठरवून सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरांची भरपाई देण्याचा हुकूम केला. ज्या मुलखात खरेदीखतावर 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले, तेथील वाचकाला हा निकाल समजण्यास अडचण पडू नये.

या तंट्यात एक परकी शिवीही शिरली आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात न्यूझीलंडच्या संसदेत हवामानविषयक विधेयकावर बोलत असताना क्लोई स्वॉरब्रिक या पंचवीस वर्षांच्या सदस्येने, मध्येच टोकणाऱ्या ज्येष्ठ सदस्याला 'ओके बूमर' एवढ्या दोन शब्दांत गप्प केले, आणि ते शब्द जगभर पसरले. संसदेच्या दूरचित्रवाणीवरील मजकुरात मात्र ते 'ओके बर्मा' असे उमटले, इतके ते लिहून घेणाऱ्यांना अपरिचित होते. आपल्याकडची मुले आता चाळिशी उलटलेल्या कोणालाही 'बूमर' म्हणतात. हा शब्द पाश्चात्त्य देशांत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुबत्तेत जन्मलेल्या पिढीसाठी आहे. तिने घरे, नोकऱ्या आणि निवृत्तिवेतन पदरात पाडून घेतले आणि पुढच्यांसाठी काही ठेवले नाही, असा तिच्यावर आरोप आहे. महाराष्ट्रात त्याच वर्षांत जन्मलेल्या माणसाने शिधापत्रिकेच्या रांगा पाहिल्या, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडली किंवा फोडणाऱ्यांना पाहिले. त्याच्यावर परदेशी सुबत्तेचा आळ घेणे हे अज्ञान आहे, आणि या संग्रहाच्या तरुण वाचकांनी तो शब्द आपल्या आजोबांना लावण्यापूर्वी त्यांच्या तरुणपणाची चौकशी करावी.

परंतु वडील पिढीला याहून कठोर प्रश्न विचारणे भाग आहे. 'अशुद्ध' म्हणून ज्या शब्दांची हेटाळणी होते, त्यांतले पुष्कळसे इंग्रजी नाहीतच. 'नाद खुळा', 'लय भारी', 'भावा' ही कोल्हापूर-सांगलीकडची, पश्चिम महाराष्ट्राची बोली आहे. छापील मराठीत पुण्याच्या पेठांतील वळणाला जी सनद मिळाली होती, ती या बोलींना कधी मिळाली नाही. पाठ्यपुस्तकांत त्यांना मज्जाव होता आणि नाटकांत त्या गड्याच्या तोंडी असत. पडद्यावर लिहिण्यासाठी मात्र संपादकाची परवानगी लागत नाही. २०१६ मध्ये नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने करमाळ्याकडची बोली साऱ्या महाराष्ट्राच्या कानांवर घातली. पुढे टिकटॉकवर, आणि २०२० च्या जूनमध्ये त्यावर बंदी आल्यानंतर इतरत्र, गावोगावच्या मुलामुलींनी आपल्या बोलीत हजारो चित्रफिती केल्या, आणि पुण्यातल्या महाविद्यालयांतील मुले आज त्यांचे शब्द हौसेने उचलतात. मराठीच्या इतिहासात शब्दांचा ओघ शहरातून खेड्याकडे वाहत आला. तो उलट्या दिशेने इतक्या जोराने वाहताना मी पूर्वी पाहिला नाही. भाषाशुद्धीचा आग्रह आपल्याकडे जुना आहे, आणि त्याचे ऋणही मोठे आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, सावरकरांनी दिलेले 'दिनांक' आणि 'महापौर' हे शब्द आरंभीचा विरोध पचवून आज सरकारी कागदांवर विराजमान आहेत. पण तो आग्रह परभाषेच्या आक्रमणाविरुद्ध होता. त्याचे शस्त्र आपल्याच मुलखातील माणसाच्या तोंडच्या मराठीवर उगारणे, हा त्याचा दुरुपयोग होय.

एका बाबतीत मात्र मी निःसंदिग्धपणे वडिलांच्या बाजूचा आहे. २०२५ च्या मार्चमध्ये 'ॲडोलेसन्स' ही चार भागांची ब्रिटिश मालिका आली. तीत वर्गमैत्रिणीच्या खुनाचा आरोप असलेल्या तेरा वर्षांच्या मुलाचा तपास करणारा अधिकारी, इन्स्टाग्रामवरील मजकूर समोर असूनही त्यातील चिन्हांचा रोख ओळखू शकत नाही; शेवटी त्या शाळेत शिकणारा त्याचा स्वतःचा मुलगा त्याला बाजूला घेऊन त्यांचा अर्थ सांगतो. कथा कल्पित असली तरी तीत दाखवलेली भाषा कल्पित नाही. स्त्रीद्वेषाचा प्रसार करणाऱ्या टोळ्या आपली परिभाषा कोवळ्या मुलांपर्यंत याच मार्गाने पोहोचवतात. आत्महत्येविषयीचे शब्द लिहिले तर मजकूर दडपला जाईल या भीतीने मुले 'अनअलाइव्ह' असे पर्यायी शब्द वापरतात, आणि आईने फोन हातात घेऊन वाचला तरी तिला त्यात संकट दिसत नाही. अशा वेळी 'याचा अर्थ काय' असे विचारण्याचा आईचा हक्क मी पूर्ण मान्य करतो. फक्त, ज्या घरात मुलाच्या प्रत्येक नव्या शब्दाची नक्कल करून पंगतीत हसे झालेले असते, त्या घरात हा प्रश्न आला की मुलगा 'काही नाही' म्हणून खोलीत निघून जातो, हेही मी पाहिले आहे.

शेवटी संग्रहाच्या रचनेविषयी. मुले बहुतांशी रोमन लिपीत लिहीत असली तरी येथे सर्व शब्द नागरीत, आणि उच्चाराला धरून, दिले आहेत. स्वर गाळून लिहिण्याचे प्रकार अर्थाच्या ओळीत सांगितले आहेत. शिव्या वगळाव्यात असा सल्ला संपादकांना काहींनी दिला होता. त्या ठेवाव्यात असे मी आग्रहाने सांगितले, कारण पालकांना ज्यांचे अर्थ कळणे सर्वाधिक अगत्याचे तेच शब्द गाळून कोश पुरा होत नाही. ज्येष्ठांच्या लेखनातील फुले, तीन टिंबे, 'जसे आले तसे पुढे पाठवले' यांसारख्या ओळी आणि तो पूर्णविराम यांच्याही नोंदी अखेरच्या विभागात आहेत, त्या तरुणांनी वाचाव्यात. जमवाजमव चालू असतानाच काही शब्द मागे पडले. ते काढून न टाकता, ऐकल्याचे वर्ष देऊन, जागच्या जागी ठेवले आहेत. जेथे एका शब्दाचा अर्थ दोन जिल्ह्यांत दोन प्रकारचा आढळला तेथे दोन्ही अर्थ नोंदले आहेत. वाचकांना तिसरा ठाऊक असल्यास तो गावाच्या नावासह आणि ऐकल्याच्या वर्षासह संपादकांकडे कळवावा, म्हणजे पुढील आवृत्तीत घेता येईल.